लघु इलेक्ट्रॉनिक तापमान-संवेदकांचे जलरोधन : तत्त्व, साहित्य आणि परीक्षण

सारांश

शेतजमीन, विहिरीचे पाणी, लस साठवणुकीची शीतपेटी, द्राक्षबागेतील हवा अशा ओलसर ठिकाणी तापमान मोजण्यासाठी लहान इलेक्ट्रॉनिक संवेदकांचा वापर आता सर्रास होतो. संवेदकात शिरलेला ओलावा बहुधा त्याला बंद पाडण्याच्या कितीतरी आधी त्याचा वाचनांक बिघडवतो आणि हा बिघाड सहज लक्षात येत नाही. थर्मिस्टर या प्रकारात हा दोष नेहमी एकाच दिशेने, म्हणजे तापमान प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवण्याच्या दिशेने होतो आणि थंडीत तो वाढतो. प्रस्तुत लेखात ओलावा आत शिरण्याचे मार्ग, त्याचा मापनावर होणारा परिणाम, आवरणासाठी वापरावयाचे साहित्य, आवरणामुळेच उद्भवणारे दोष, बांधणीची पद्धत व परीक्षण यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : तापमान-संवेदक, थर्मिस्टर, जलरोधन, गळती-रोध, इपॉक्सी, अंशशोधन.

१. प्रस्तावना

फॅरनहाइट यांनी १७१४ मध्ये पाऱ्याचा तापमापी सिद्ध केल्यापासून सुमारे तीन शतके तापमानाचे मापन मुख्यतः काचेच्या नळीतून झाले. या साधनाचा एक गुण फारसा बोलला जात नाही. काच पाणी शोषत नाही, गंजत नाही आणि काचेचा तापमापी वर्षभर पाण्यात बुडवून ठेवला तरी त्याच्या वाचनांकावर पाण्याचा परिणाम होत नाही. तापमापी फुटतो तेव्हा तो फुटलेला दिसतो. आता मात्र पाऱ्याचा वापर मागे पडत आहे. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकृत झाला, २०१७ मध्ये अंमलात आला आणि भारताने त्याला २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले. त्याच सुमारास इलेक्ट्रॉनिक संवेदक स्वस्त झाले. आज महाविद्यालयीन प्रकल्पापासून शेतातील स्वयंचलित हवामान केंद्रापर्यंत सर्वत्र तांदळाच्या दाण्याएवढे किंवा वाटाण्याएवढे संवेदक तापमान नोंदवीत असतात.

पाऱ्याच्या तापमापीत काच हेच मापनयंत्र होते आणि काच हेच आवरणही होते. इलेक्ट्रॉनिक संवेदकाचे आवरण मात्र वापरणाऱ्याला स्वतंत्रपणे घडवावे लागते. हे काम पुष्कळदा ‘थोडा गोंद लावणे’ एवढ्यावर भागवले जाते. वस्तुतः आवरण हा मापनपद्धतीचाच एक भाग आहे.

अर्ध्या-एक अंशाचा फरक महत्त्वाचा का, याचे उत्तर भारतीय हवामानशास्त्राच्या इतिहासातच सापडते. पुणे येथील कृषि-हवामानशास्त्र विभागाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या एल. ए. रामदास यांनी आपले सहकारी आत्मनाथन यांच्यासह १९३२ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र व निवांत रात्री हवेचे सर्वांत कमी तापमान जमिनीला अगदी लागून नसते, तर जमिनीपासून काही सेंटिमीटर उंचीवर असते, असे त्यांना आढळले. प्रचलित समजुतीला हे इतके विसंगत होते की, हा मापनातील दोष असावा असा संशय प्रारंभी घेतला गेला. पुढील निरीक्षणांनी ते खरे ठरवले आणि हवेच्या त्या थराला ‘रामदास थर’ असे नाव मिळाले. निसर्गातील सूक्ष्म फरक आणि उपकरणातील सूक्ष्म दोष आकड्यांमध्ये सारखेच दिसतात. ते वेगळे करावयाचे असतील तर उपकरणाचा दोष आधी माहीत असावा लागतो.

२. प्रचलित संवेदकांचे स्वरूप

जलरोधनाच्या दृष्टीने तीन प्रकारच्या संवेदकांचा विचार पुरेसा आहे.

(अ) थर्मिस्टर : हा धातूंच्या ऑक्साइडांपासून बनवलेला रोधक असून तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. सर्वाधिक वापरात असलेल्या थर्मिस्टरचा रोध २५° से. तापमानाला १० किलोओहम असतो आणि प्रत्येक अंशाला तो सुमारे ४ ते ५ टक्क्यांनी बदलतो. उपकरण फक्त रोध मोजते आणि त्यावरून तापमान काढते.

(आ) व्होल्टता देणारा संकलित मंडलाचा संवेदक : ‘एलएम ३५’ हे याचे परिचित उदाहरण. तो प्रत्येक अंश सेल्सियसला १० मिलिव्होल्ट एवढी व्होल्टता देतो. संदेश व्होल्टतेच्या रूपात असल्यामुळे तारेवरील किंवा जोडणीवरील गळतीचा परिणाम थेट वाचनांकावर होऊ शकतो.

(इ) अंकीय संवेदक : ‘डीएस १८बी२०’ हा यातील सर्वाधिक प्रचारातला. त्याची कार्यकक्षा −५५° ते १२५° से. असून −१०° ते ८५° से. या मर्यादेत त्याची अचूकता ±०.५° से. आहे. बारा बिटांच्या विभेदनाला तो ०.०६२५ अंशाची पायरी दाखवतो व एका मापनाला जास्तीत जास्त ७५० मिलिसेकंद घेतो. प्रत्येक संवेदकाला ६४ बिटांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असल्याने एकाच तारेवर अनेक संवेदक जोडता येतात. तापमानाचा आकडा संवेदकातच तयार होतो आणि पडताळणी-संकेतासह पाठवला जातो.

पाणी शिरल्यावर हे तिन्ही प्रकार सारखे वागत नाहीत. जलरोधनाची पद्धत निवडताना हा फरक निर्णायक ठरतो.

३. ओलावा आत शिरण्याचे मार्ग

पाणी फक्त भेगेतून शिरते अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात चार मार्ग संभवतात.

पहिला मार्ग सांध्याचा. केबलचे प्लॅस्टिक, भरावाचे इपॉक्सी आणि नळीचा धातू हे तीन पदार्थ तापमानाबरोबर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. दिवस-रात्रीच्या चक्रात त्यांच्या सांध्यावर सतत ताण येतो आणि काही महिन्यांत तेथे डोळ्यांना न दिसणारी फट पडते. मऊ पीव्हीसीमध्ये लवचीकतेसाठी घातलेला तेलकट घटक हळूहळू पृष्ठभागावर येत असल्यामुळे या आवरणाला इपॉक्सी मुळातच घट्ट धरत नाही.

दुसरा मार्ग केबलच्या आतला. लवचीक तारेत अनेक बारीक तंतू असतात आणि त्यांच्यामधील पोकळीतून पाणी केशाकर्षणाने पुढे सरकते. संवेदकाचे टोक उत्तम बंद केलेले असले, परंतु केबलचे दुसरे टोक उघड्या पेटीत भिजत असले, तर पाणी काही मीटर प्रवास करून आतून संवेदकापर्यंत पोहोचू शकते.

तिसरा मार्ग ‘श्वसनाचा’. नळीत हवा कोंडलेली असेल तर ती तापली की प्रसरण पावते आणि थंड झाली की आकुंचते. नळीतील हवा ४०° से. वर बाहेरच्या दाबाशी समतोल साधून असेल आणि पावसाच्या सरीने ती २०° से. पर्यंत थंड झाली, तर तिचा दाब सुमारे ६.४ टक्क्यांनी उतरतो. हा फरक जवळजवळ ६५ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा आहे. म्हणजे पाण्यावर नुसत्या ठेवलेल्या संवेदकालाही पाणी आत ओढण्यासाठी अर्ध्या मीटरहून अधिक खोलीएवढा जोर मिळतो. दुपारचे ऊन आणि संध्याकाळचा वळीव यांच्यामध्ये ही क्रिया रोज घडू शकते.

चौथा मार्ग पदार्थातून होणाऱ्या बाष्पाच्या झिरपण्याचा. सर्व प्लॅस्टिके व रेझिने कमी-अधिक प्रमाणात बाष्प आरपार जाऊ देतात. धातू व काच यांतून बाष्प जात नाही. सिलिकोन रबर द्रवरूप पाणी उत्तम अडवते, परंतु बाष्पाला ते बऱ्याच प्रमाणात वाट देते. आत शिरलेल्या बाष्पाचे थंडीत संघनन होते. ३०° से. तापमानाच्या संपृक्त हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते, तर ५° से. ला ती हवा सुमारे ७ ग्रॅमच धरू शकते. उरलेल्या बाष्पाचे पाणी होते आणि ते सर्वांत थंड पृष्ठभागावर बसते. शीतपेटीत हा पृष्ठभाग पुष्कळदा संवेदकाचाच असतो. नळीतील हवा घनसेंटिमीटरभर असल्यामुळे एका रात्रीचे पाणी नगण्य असते. परंतु श्वसन व संघनन रोज घडल्यास ते साठत जाते.

४. ओलाव्याचा मापनावर होणारा परिणाम

थर्मिस्टरच्या दोन पायांमध्ये पाण्याची पातळ फिल्म तयार झाली की तिचा रोध थर्मिस्टरच्या रोधाला समांतर जोडला जातो. समांतर जोडणीत एकूण रोध नेहमी घटतो. रोध घटणे म्हणजे तापमान वाढणे, असाच अर्थ उपकरण लावते. त्यामुळे अशा गळतीत थर्मिस्टर नेहमी प्रत्यक्षापेक्षा जास्त तापमान दाखवतो.

हा दोष किती, हे गणिताने काढता येते. २५° से. ला १० किलोओहम रोध आणि ३९५० एवढा बीटा-स्थिरांक असलेला थर्मिस्टर घेतल्यास ४° से. ला त्याचा रोध सुमारे २७.३ किलोओहम होतो. त्यावरून पुढील तक्ता मिळतो.

तक्ता १ : गळतीमुळे थर्मिस्टरचा वाचनांक

गळती-रोध १ मेगॅओहम : खरे तापमान २५° असता दिसणारे २५.२°, खरे ४° असता दिसणारे ४.५°
गळती-रोध २०० किलोओहम : खरे तापमान २५° असता दिसणारे २६.१°, खरे ४° असता दिसणारे ६.५°
गळती-रोध १०० किलोओहम : खरे तापमान २५° असता दिसणारे २७.२°, खरे ४° असता दिसणारे ८.८°

या तक्त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, गळती तीच असली तरी थंडीत दोष दुपटीहून अधिक होतो, कारण थंडीत थर्मिस्टरचा स्वतःचा रोध मोठा असतो आणि त्याच्या तुलनेत गळतीची वाट सोपी ठरते. दोन, ६.५° हा आकडा पाहून कोणालाही संशय येणार नाही. तो अशक्य नाही, विचित्र नाही; फक्त खोटा आहे.

याचे व्यावहारिक गांभीर्य लससाठ्याच्या उदाहरणावरून लक्षात येईल. लसीकरण कार्यक्रमातील लसी शीतपेटीत २° ते ८° से. या मर्यादेत ठेवतात. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी यांसारख्या लसी गोठल्यास निकामी होतात. समजा, एखाद्या पेटीतील थर्मिस्टरमध्ये १०० किलोओहमची गळती झाली आहे. पेटीचे खरे तापमान ४° असताना वाचनांक ८.८° दिसेल. कर्मचारी नियमाप्रमाणे तापमान खाली आणील आणि वाचनांक मर्यादेत आल्यावर निश्चिंत होईल. वाचनांक ६° दिसू लागेल तेव्हा आतले खरे तापमान जेमतेम अर्धा अंश असेल. वाचनांक ५° वर आणल्यास ते शून्याखाली गेलेले असेल. सारे नियम पाळूनही लस गोठेल आणि नोंदवहीत मात्र काहीच चुकलेले दिसणार नाही.

दुसरे उदाहरण द्राक्षबागेचे. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येकदा पाच अंशांच्या खाली उतरतो. अशा रात्री बागाईतदार शेकोट्या पेटवून किंवा बागेला पाणी देऊन द्राक्षांचे रक्षण करतात. हा निर्णय पहाटेच्या वाचनांकावर अवलंबून असतो. नेमक्या त्याच वेळी दव सर्वाधिक पडते, म्हणजे संवेदकावरील ओलावाही सर्वाधिक असतो. गळती असलेला थर्मिस्टर अशा वेळी थंडी लपवतो.

अंकीय संवेदकाचे वर्तन वेगळे आहे. ‘डीएस १८बी२०’ च्या संदेशवाहक तारेवर साधारणतः ४.७ किलोओहमचा रोधक बसवतात. त्या तारेवर १०० किलोओहमची गळती झाली तर ५ व्होल्टांची पातळी सुमारे ४.८ व्होल्टांवर येते. तिचा अर्थ बदलत नाही आणि तापमानाचा आकडाही बदलत नाही. गळती फार वाढली की संदेश तुटतो, पडताळणी-संकेत जुळत नाही किंवा संवेदक प्रतिसाद देणेच थांबवतो. वीजपुरवठा मध्येच खंडित होऊन पूर्ववत झाल्यास तो नवे मापन होईपर्यंत ८५° हा आरंभीचा आकडा दाखवतो. सारांश, हा संवेदक बिघडतो तेव्हा बहुधा ते कळते; मात्र त्यासाठी आज्ञावलीत पडताळणी-संकेत तपासण्याची व ८५° हा आकडा संशयास्पद मानण्याची सोय ठेवली पाहिजे.

यांखेरीज दीर्घकालीन परिणाम सर्वांना समान आहे. ओलाव्यात सतत एकदिश व्होल्टता असल्यास विद्युत् अपघटन सुरू होते. धन अग्राकडील तांबे विरघळते आणि ऋण अग्राकडे त्याचे बारीक तंतू वाढतात. सोल्डरिंगचा फ्लक्स पुसला नसेल तर त्यातील क्षार ही क्रिया वाढवतात. पुरवठा केवळ मापनापुरता, काही सेकंद चालू ठेवणे हा यावरचा साधा व परिणामकारक उपाय होय.

५. आवरणासाठी साहित्य

द्विघटकी इपॉक्सी : धातूला व खरवडलेल्या प्लॅस्टिकला चांगले धरते आणि पाण्याला पुष्कळ प्रमाणात अडवते. घट्ट होताना ते किंचित आकुंचते व उष्णता सोडते. म्हणून मोठा भराव एकदम न करता थराथराने करावा. फार कठीण इपॉक्सीचा ताण संवेदकाच्या चकतीवर येऊन वाचनांक किंचित सरकू शकतो. यासाठी अंशशोधन भरावानंतर करणे आवश्यक आहे.

सिलिकोन : लवचीक असल्याने प्रसरणाचा ताण सोसते. ज्या सिलिकोनला घट्ट होताना व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते व तांब्याचे संक्षारण होते. इलेक्ट्रॉनिक कामासाठी उदासीन प्रकारचेच सिलिकोन घ्यावे. बाष्प झिरपत असल्यामुळे दीर्घकाळ बुडवावयाच्या संवेदकासाठी केवळ सिलिकोनवर विसंबू नये.

गरम गोंद व झटपट गोंद : गरम गोंदाची कांडी उन्हात मऊ पडते व थंडीत धातूपासून सुटते. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असून सततच्या ओलाव्यात त्याची पकड क्षीण होते. हे दोन्ही तात्पुरत्या कामापुरतेच योग्य होत.

हीट-श्रिंक स्लीव्ह : साधी स्लीव्ह तारेवर घट्ट बसते, परंतु जलरोधक नसते. आतून गोंदाचा थर असलेली स्लीव्ह तापवल्यावर गोंद वितळून फट भरतो. जलरोधनासाठी हीच वापरावी आणि दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कडा बाहेर आलेली दिसेपर्यंत तापवावी.

स्टेनलेस स्टीलची नळी : एका टोकाने बंद असलेल्या या नळीतून त्या बाजूने पाणी वा बाष्प शिरूच शकत नाही, दुर्बल बाजू एकच उरते, ती म्हणजे केबलची. ३०४ प्रतीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. गोड्या पाण्यात ते टिकते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या पाण्यात मात्र क्लोराइडमुळे त्याला सूक्ष्म खड्डे पडतात. तेथे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे पोलाद अधिक योग्य ठरते.

बाजारात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारे तयार संवेदक याच नळीत बसवलेले असतात. त्यांच्या आतील भराव दिसत नाही आणि चकतीही मूळ उत्पादकाचीच असेल याची खात्री नसते. आय.पी. ६७ या दर्जाचा अर्थ एक मीटरपर्यंतच्या पाण्यात तीस मिनिटे, एवढाच आहे. आय.पी. ६८ मध्ये खोली व काळ उत्पादक ठरवतो. महिनोन्‌महिने जमिनीत पुरून राहणे, रोजचे तापमानचक्र, खतांचे क्षार यांची हमी या दर्जांत नाही.

६. आवरणामुळे उद्भवणारे दोष

आवरण जितके जाड, तितका प्रतिसाद मंद. औष्णिक संवाहकता एककात पाहिली तर तांब्याची सुमारे ४००, स्टेनलेस स्टीलची सुमारे १५, साध्या इपॉक्सीची सुमारे ०.२ आणि हवेची सुमारे ०.०२६ आहे. त्यामुळे नळीत संवेदकाभोवती राहिलेली हवेची फट नळीच्या भिंतीपेक्षा कितीतरी पटींनी उष्णता अडवते. भराव पोकळीविरहित असणे जलरोधनासाठी जसे आवश्यक, तसेच अचूकतेसाठीही.

तापमान अचानक बदलल्यास अंतिम बदलाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास लागणारा काळ म्हणजे संवेदकाचा कालांक. पाच कालांकांनंतर वाचनांक ९९ टक्क्यांहून अधिक स्थिरावतो. मातीचे तापमान संथपणे बदलत असल्यामुळे तेथे एक मिनिटाचा कालांक निरुपद्रवी आहे. दूध तापवण्याच्या प्रक्रियेत तोच अपायकारक ठरेल.

दुसरा दोष उष्णतावहनाचा. केबलमधील तांबे उष्णतेचे उत्तम वाहक आहे आणि संवेदकाला उष्णता मुख्यत्वे त्याच्या धातूच्या पायांतून मिळते. उन्हातून सरळ खाली मातीत उतरणारी केबल पृष्ठभागाची उष्णता संवेदकापर्यंत नेते. द्रवात नळीच्या व्यासाच्या किमान दहापट खोली मिळावी, म्हणजे ६ मिलिमीटरच्या नळीला ६० मिलिमीटर, असा सर्वमान्य संकेत आहे. मातीत संवेदक आडवा ठेवून केबलचा काही भाग त्याच खोलीवर आडवा न्यावा. जागतिक हवामान संघटनेने मृदातापमानासाठी ५, १०, २०, ५० व १०० सेंटिमीटर या प्रमाण खोल्या सांगितल्या आहेत. दैनिक तापमानाची लहर सामान्य मातीत सुमारे १२ सेंटिमीटरवर ३७ टक्क्यांपर्यंत क्षीण होते. यावरून वरच्या थरात खोलीची थोडी चूकही किती महागात पडते, हे ध्यानात येईल.

तिसरा दोष हवेच्या मापनातला. पूर्ण जलरोधक संवेदकही पावसाने वा दवाने बाहेरून भिजला की बाष्पीभवनामुळे थंड होतो आणि कोरड्या तापमानाऐवजी आर्द्र तापमानाकडे झुकतो. काळी स्लीव्ह ऊन शोषून उलट दिशेचा दोष निर्माण करते. म्हणून हवेसाठी जलरोधनाबरोबरच हवेशीर, पांढऱ्या छत्रीची गरज असते.

७. बांधणीची पद्धत

पुढील क्रम साध्या प्रयोगशाळेत पार पाडता येतो.

(१) केबलचे बाह्य आवरण सोलून आतील तारा मोकळ्या कराव्यात. प्रत्येक तारेच्या उघड्या भागात सोल्डर पूर्ण मुरवावा, म्हणजे तंतूंमधील पोकळी बंद होऊन केशाकर्षणाचा मार्ग तुटतो.
(२) संवेदकाचे पाय जोडून प्रत्येक पायावर स्वतंत्र बारीक स्लीव्ह चढवावी.
(३) फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा आणि जोडणी ६०° से. वर काही तास वाळवावी. ओली जोडणी बंद करणे म्हणजे ओलावा आत कोंडणे होय.
(४) केबलचे आवरण व नळीची आतील बाजू काचकागदाने खरवडून पुसावी.
(५) नळीत तळापासून इपॉक्सी भरावे, मग संवेदक हळूहळू आत सरकवावा, म्हणजे हवा वर निघून जाते. भराव केबलच्या बाह्य आवरणाला किमान एक ते दोन सेंटिमीटर धरून असावा.
(६) नळी उभी ठेवून उत्पादकाने सांगितलेला पूर्ण काळ इपॉक्सी घट्ट होऊ द्यावे.
(७) नळी व केबल यांच्या सांध्यावर गोंदयुक्त स्लीव्ह बसवावी.
(८) केबलचे दुसरे टोक कोरड्या पेटीत न्यावे. पेटीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकणारा फास द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी पेटीबाहेरच गळते.

८. परीक्षण

आवरणाची गुणवत्ता पाहून ठरत नाही; ती मोजावी लागते. त्यासाठी चार परीक्षणे सुचवता येतील.

हिमबिंदू : शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक कुटून त्यात थोडे शुद्ध पाणी घालावे व त्यात संवेदक दहा मिनिटे ठेवावा. वाचनांक ०° च्या किती जवळ आहे, ते आवरणापूर्वी, आवरणानंतर आणि वापराच्या दरम्यान ठरावीक काळाने नोंदवावे. गळतीचा दोष थंडीत वाढत असल्याने हे परीक्षण थर्मिस्टरसाठी विशेष मोलाचे आहे. उकळबिंदू वापरायचा झाल्यास समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा विचार करावा. पुण्यास पाणी सुमारे ९८° से. ला उकळते.

तापमानचक्र : संवेदक ६०° से. च्या पाण्यातून बर्फाच्या पाण्यात व पुन्हा गरम पाण्यात असा दहा वेळा बुडवावा. श्वसनाची क्रिया येथे मुद्दाम घडवली जाते. जो सांधा पुढे काही महिन्यांनी उघडला असता, तो येथे लवकर उघड होतो.

गळती-रोध : मिठाच्या पाण्यात संवेदक दोन-तीन दिवस बुडवून ठेवावा. केबलच्या सर्व तारा एकत्र जोडून त्या आणि पाण्यातील धातूची पट्टी किंवा नळीचा धातू यांमधील रोध मल्टीमीटरने मोजावा. तो मल्टीमीटरच्या कक्षेबाहेर राहिला पाहिजे. मेगॅओहमच्या आसपासचा कोणताही आकडा दिसल्यास तो संवेदक बाद समजावा.

जोडीने मापन : महत्त्वाच्या ठिकाणी दोन भिन्न प्रकारचे संवेदक, उदाहरणार्थ एक थर्मिस्टर व एक अंकीय, शेजारी ठेवावेत. त्यांतील अंतर हळूहळू वाढू लागणे ही ओलाव्याची पहिली खूण असते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

ओलसर व थंड ठिकाणी, जेथे वाचनांकावर लगेच निर्णय घ्यावयाचा आहे तेथे, बिघडल्यावर मौन पाळणारा संवेदक बिघडल्यावर विश्वसनीय वाटणारा खोटा आकडा देणाऱ्या संवेदकापेक्षा श्रेयस्कर आहे. या दृष्टीने पडताळणी-संकेत असलेला अंकीय संवेदक पसंत करावा. थर्मिस्टर वापरणे अपरिहार्य असेल तर त्याचा दोष नेहमी थंडी लपवण्याच्या दिशेने होतो, हे लक्षात घेऊन हिमबिंदूचे परीक्षण नियमित करावे.

एकाच पदार्थाने जलरोधन साधत नाही. नळी बाष्प अडवते, इपॉक्सी पोकळी भरते, गोंदयुक्त स्लीव्ह सांधा राखते आणि सोल्डरने बंद केलेले तंतू आतला मार्ग तोडतात. यांपैकी एकही दुवा वगळल्यास उरलेल्यांचे काम वाया जाते.

नोंदवहीत तापमानाच्या आकड्याशेजारी संवेदकाचा प्रकार, आवरणाची तारीख आणि अखेरच्या हिमबिंदू परीक्षणाचा वाचनांक लिहिण्याची प्रथा आपल्या प्रयोगशाळांनी, लसकेंद्रांनी व शेतावरील निरीक्षकांनी स्वीकारावी. त्यासाठी लागतो तो वाटीभर बर्फ आणि दहा मिनिटांचा वेळ. एवढ्या खर्चात पुढील कित्येक महिन्यांच्या आकड्यांवर कितपत विसंबावे, हे ठरवता येते.